चांदीच्या जुन्या नाण्यांवरील उठाव आणि खड्डे : ठशाचा गंज व पृष्ठभागाचे क्षरण ओळखण्याच्या प्रश्नाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या चांदीच्या रुपयाचा किंवा डॉलरचा पृष्ठभाग क्वचितच निर्दोष असतो. राणीच्या गालावर बारीक पुटकुळ्या दिसतात, अक्षरांच्या कडा खरखरीत वाटतात, सपाट मोकळ्या जागेत टोचे पडलेले असतात आणि काही ठिकाणी कातडी सोलावी तसा धातूचा पापुद्रा उचललेला असतो. या खुणांपैकी काही नाणे पाडले जात असताना टाकसाळीतच उमटलेल्या असतात, तर काही नाणे टाकसाळीबाहेर पडल्यानंतर मातीने, घामाने, धुराने किंवा माणसाच्या हाताने केलेल्या असतात. पहिल्या प्रकारच्या खुणांमध्ये ठशाच्या गंजाची खूण सर्वांत महत्त्वाची, आणि दुसऱ्या प्रकारांत पृष्ठभागाच्या क्षरणाने पडलेले खड्डे सर्वांत जास्त आढळणारे आहेत. पहिली खूण नाण्याच्या जन्माची साक्ष देते, दुसरी त्याच्या पुढच्या आयुष्याची. त्यामुळे या दोहोंची गल्लत झाली, तर अस्सल नाणे बनावट ठरून आटणीत जाते, किंवा बनावट नाणे अस्सल म्हणून विकले जाते.

बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न केवळ संग्राहकांपुरता उरत नाही. मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान मुंबई-कोलकाता महामार्गावर वसलेले वडनेर भोलजी हे गाव पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या, कपाशीच्या जमिनीच्या पट्ट्यात येते, आणि याच जिल्ह्यातील खामगाव चांदीच्या व्यवहारामुळे ‘रजतनगरी’ म्हणून ओळखले जाते. या परिसरातील घरांच्या देव्हाऱ्यांत, गळ्यातल्या माळांत आणि पाडलेल्या जुन्या भिंतींत राणीछाप रुपये आजही सापडतात, आणि त्यांचा पुढचा प्रवास बहुधा सराफाच्या तराजूकडे होतो. त्या तराजूवर चढण्यापूर्वी नाण्याचा पृष्ठभाग वाचता येणे का गरजेचे आहे आणि तो कसा वाचावा, हे पाहणे हा या आढाव्याचा हेतू आहे.

मुंबईचे डॉलर आणि वऱ्हाडातला रुपया

चांदीच्या डॉलरचा आणि महाराष्ट्राचा संबंध वाटतो त्यापेक्षा निकटचा आहे. हाँगकाँग, चीनचा किनारा आणि मलायातील वसाहती यांच्या व्यापारासाठी इंग्रज सरकारने 1895 पासून ‘ब्रिटिश व्यापारी डॉलर’ काढले, आणि त्यांतील फार मोठा भाग मुंबईच्या टाकसाळीत पाडला गेला. 416 ग्रेन, म्हणजे सुमारे 26.95 ग्रॅम वजनाच्या आणि 900 शुद्धतेच्या या नाण्यावर हातात त्रिशूळ व ढाल घेऊन उभी असलेली ब्रिटानिया आहे. त्रिशुळाच्या मधल्या टोकावर कोरलेले अगदी बारीक ‘बी’ हे अक्षर मुंबईची खूण आहे. मागच्या बाजूला दीर्घायुष्याचे चिनी चिन्ह असून, चिनी आणि अरबी वळणाच्या मलय लिपीत मूल्य दिलेले आहे. 1903 आणि 1904 साली सामुद्रधुनी वसाहतींचे डॉलरही मुंबईत पाडले गेले.

उलट दिशेनेही चांदी वाहिली. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात रुपयांची तीव्र टंचाई निर्माण झाली, तेव्हा अमेरिकेने 1918 च्या पिटमन कायद्यानुसार आपल्या खजिन्यातील 27 कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यांपैकी सुमारे 25 कोटी 91 लाख डॉलरांची चांदी ब्रिटनला हिंदुस्थानासाठी विकली. ही चांदी 20 कोटी औंसांच्या घरात जाते. तिच्यातून हिशेबाने सुमारे 58 कोटी रुपये पाडता येतात. पंचम जॉर्जच्या त्या काळातील रुपयांत अशा रीतीने अमेरिकन डॉलरांचीही चांदी मिसळली गेली.

रुपयाचे मान 1835 च्या कायद्याने निश्चित झाले होते : 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम वजन आणि बारा भागांत अकरा भाग चांदी, उरलेला एक भाग प्रामुख्याने तांबे. हे प्रमाण 1940 पर्यंत टिकले. त्यानंतर चांदी निम्म्यावर आणून तांबे, निकेल व जस्त यांची भर घालण्यात आली, आणि 1947 मध्ये रुपया पूर्णपणे निकेलचा झाला. बुलढाणा जिल्हा ज्या वऱ्हाडाचा भाग होता तो 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, आणि पुढच्या दोन दशकांत लोहमार्ग व कापसाचा बाजार यांच्या वाटेने कलदार रुपया इथल्या खेड्यापाड्यांत पोचला. कापसाच्या मोबदल्यात आलेले हे रुपये साठवले गेले, पुरले गेले, दागिन्यांत गेले, आणि म्हणूनच आज अभ्यासासाठी उपलब्ध आहेत.

ठशाचा गंज : कारण आणि खूण

नाणे पाडण्यासाठी वापरला जाणारा ठसा पोलादाचा असतो आणि त्यावरील आकृती उलटी व खोलगट कोरलेली असते. दोन ठशांच्या मध्ये धातूची कोरी चकती ठेवून यंत्राने दाब दिला, की चकतीचा धातू ठशातील खोलगट भागांत शिरतो आणि नाण्यावर उठावदार आकृती तयार होते. पोलादाला दमट हवा लागली, ठशावरचा तेलाचा किंवा चरबीचा लेप पुसला गेला किंवा ठसा दीर्घकाळ कपाटात पडून राहिला, तर त्याच्या पृष्ठभागावर गंज चढतो. गंज पोलाद खातो आणि ठशावर बारीक खड्डे सोडून जातो. अशा ठशाने पुढे नाणी पाडली, की चकतीचा धातू त्या खड्ड्यांतही शिरतो आणि नाण्यावर त्यांच्या जागी उठाव येतात. ठशावरचा खड्डा नाण्यावर पुटकुळी होऊन दिसतो, हे या संपूर्ण विषयाचे मूळ सूत्र आहे.

मुंबईच्या टाकसाळीची इमारत बॉम्बे इंजिनिअर्सचे मेजर जॉन हॉकिन्स यांच्या आराखड्यानुसार 1820 च्या दशकात बंदरालगत उभी राहिली. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा हे पोलादाचे वैरीच होत. त्यात नाण्यांवरील साल गोठवण्याची त्या काळची प्रथा लक्षात घ्यावी लागते. 1840 सालचा रुपया 1861 पर्यंत आणि 1862 सालचा रुपया 1874 पर्यंत त्याच सालाने पाडला जात राहिला. वर्ष बदलले म्हणून ठसा बाद करण्याची गरज अशा व्यवस्थेत उरत नाही. एका हंगामात वापरलेला ठसा पुढच्या हंगामासाठी ठेवता येतो आणि ठेवलेल्या ठशाला गंज लागण्यास अवसर मिळतो.

गंजाच्या उठावांची काही लक्षणे ठरलेली आहेत. त्यांचा आकार अनियमित असतो, ते एकेकटे येण्याऐवजी पुंजक्यांनी येतात, आणि नाणे पाडताना धातू ठशालगत सरकल्यामुळे जी झळाळी निर्माण होते ती या पुटकुळ्यांवरूनही अखंड पसरलेली असते. दोन वेगवेगळ्या नाण्यांवर अगदी त्याच जागी तेच पुंजके दिसले, तर ती दोन्ही एकाच ठशातून निघालेली आहेत असा निष्कर्ष निघतो आणि त्या नाण्यांचा क्रमही लावता येतो, कारण गंज वाढत जातो, ठसा घासून साफ केला जातो, मग त्यावर तडे जातात आणि शेवटी तो मोडतो. नाणे फार चलनात राहिले असेल तर उठाव आधी झिजतात. तेव्हा पुटकुळ्यांची टोके चपटी व चमकदार आणि त्यांच्या पायथ्याशी काळपट वळे असे चित्र दिसते.

जुना गंजलेला ठसा पुन्हा वापरात आणल्याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील 1823 सालच्या सेंटचे आहे. टाकसाळीतून भंगारात गेलेले ठसे हाती लागल्यावर एकोणिसाव्या शतकातच त्यांवरून खासगीरीत्या नाणी पाडण्यात आली, आणि गंजाने आलेले उठाव व ठशाचे तडे हीच त्यांची ओळख ठरली. कलकत्ता आणि मुंबई येथील टाकसाळींनीही संग्राहकांच्या मागणीवरून जुन्या ठशांनी पुन्हा नाणी पाडली होती. अशा नाण्यांची तपासणी करताना गंजाच्या खुणा आवर्जून शोधाव्या लागतात.

सूत्राला पडणारे अपवाद

उठाव म्हणजे गंज आणि खड्डा म्हणजे क्षरण, हे सूत्र बहुतेक वेळा खरे ठरते. पण त्यावर आंधळा भरवसा ठेवता येत नाही. ठसा एका टप्प्यात तयार होत नाही. उठावदार आकृती असलेला पोलादी पंच दाबून त्यावरून कामाचे ठसे घेतले जातात. गंज या पंचावर चढला, तर पंचावरचा खड्डा ठशावर उठाव होतो आणि नाण्यावर पुन्हा खड्डा म्हणून उमटतो. असा खड्डा टाकसाळीचाच असतो, आणि त्या पंचापासून घेतलेल्या निरनिराळ्या ठशांच्या नाण्यांवर तो त्याच जागी आढळतो. क्षरणाचा खड्डा मात्र असा कधीही जागा धरून येत नाही.

दुसरा अपवाद ठसा घासण्यामुळे निर्माण होतो. गंजलेला ठसा कारागीर घासून वापरात आणतो, तेव्हा ठशाचा सपाट भाग वर असल्याने तो साफ होतो, पण आकृतीच्या खोलगट भागात घासणीचा दगड पोचत नाही आणि गंजाचे खड्डे तेथे तसेच राहतात. नाण्यावर याचा परिणाम उलट दिसतो : मोकळी जागा गुळगुळीत, तिच्यावर घासणीच्या अतिशय बारीक उठावदार रेषा, आणि मुखवट्यावर, केसांत किंवा अक्षरांच्या माथ्यावर पुटकुळ्या. तिसरा अपवाद ठशात साचलेल्या वंगणाचा व धुळीचा आहे. ठशाच्या खोलगट भागात घट्ट वंगण भरले, की धातू तिथे पोचत नाही आणि अक्षरे अस्पष्ट किंवा अर्धवट उमटतात. ठशावर पडलेला कण मात्र नाण्यात रुतून खळगा सोडतो. अशा खळग्याच्या कडा मऊ असतात आणि त्याच्या तळाशीही मूळ झळाळी असू शकते.

खारपाण मातीतील क्षरण

पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणारा खारपाणपट्टा विदर्भाला चांगलाच परिचित आहे. या पट्ट्यातील विहिरींचे पाणी खारट असते आणि काळ्या चिकण मातीत क्षार साचलेले असतात; ही माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे तिच्यात पुरलेल्या धातूला ओल आणि क्षार दोन्ही दीर्घकाळ मिळतात. चांदी एरवी टिकाऊ आहे. गंधकाच्या वाफेने ती काळी पडते, पण हा काळा थर पातळ असतो आणि त्यामुळे सहसा खड्डे पडत नाहीत. क्षारांतील क्लोराइडचे तसे नाही. ते चांदीशी संयोग पावून सिल्व्हर क्लोराइड बनवते, आणि हा राखाडी, जांभळट किंवा तपकिरी रंगाचा, मेणासारखा मऊ थर नाण्याच्या मूळ धातूच्या बदल्यात तयार झालेला असतो.

त्यातही तांबे आधी जाते. रुपयातील सुमारे 8.3 टक्के आणि व्यापारी डॉलरमधील 10 टक्के तांबे चांदीच्या कणांमध्ये विखुरलेले असते. मातीतील ओल प्रथम या तांब्यावर चालून येते, हिरवट थर बाहेर टाकते आणि मागे पोकळ्या सोडते. पुढे क्लोराइड त्या पोकळ्यांच्या कडांवर काम करत राहते आणि लहान पोकळीचे खड्ड्यात रूपांतर होते. 1940 नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयांत तांबे आणि जस्त यांचे प्रमाण बरेच मोठे असल्याने ते अशा मातीत अधिक लवकर खराब होतात. या प्रकारच्या खड्ड्यांच्या कडा तुटक व धारदार असतात, तळ खरखरीत आणि झळाळीहीन असतो, आणि त्यांची मांडणी आकृतीची पर्वा करत नाही : राणीचे नाक, मोकळी जागा आणि नाण्याची कड, सर्वांवरून ते सारखेच पसरतात. गाडग्यातल्या राशीत एकमेकांना चिकटून राहिलेल्या नाण्यांवर तर स्पर्शाच्या जागी गोलसर, स्वच्छ ठिपका आणि त्याभोवती क्षरण असा आकार आढळतो. तो पाहूनही नाणे पुरलेल्या साठ्यातले आहे असे म्हणता येते.

घरातील क्षरण आणि इतर नुकसान

घराबाहेर न गेलेली नाणीही खराब होतात. लक्ष्मीपूजनाला ताम्हणात ठेवलेला रुपया दरवर्षी हळद, कुंकू, दूध आणि पंचामृत यांच्या सान्निध्यात येतो, आणि नंतर चिंच, लिंबू किंवा राख लावून घासला जातो. पूजेचे अवशेष अक्षरांच्या कोपऱ्यांत साचून ओल धरतात. चिंचेतील आम्ल तांबे काढून घेते आणि राखेने पडलेले ओरखडे एकाच दिशेला समांतर धावतात. बाहेरून लखलखीत दिसणारे असे नाणे भिंगाखाली मात्र झळाळी हरवलेले आणि ओरखड्यांनी भरलेले निघते.

माळेसाठी नाके जोडलेल्या रुपयांवर डाग दिल्याच्या खुणा असतात. नाके काढल्यावर कडेजवळ उष्णतेने फुगलेला, रंग बदललेला भाग आणि झाळणाच्या धातूचे थेंब राहतात. हे थेंब उठावदार असल्याने वरवर पाहणाऱ्याला गंजाच्या पुटकुळ्या वाटू शकतात. आगीत सापडलेल्या नाण्यांवरही फोड येतात, कारण धातूत अडकलेला वायू उष्णतेने फुगतो. या फोडांचा माथा गोल व पातळ असतो आणि काही फुटून त्यांचेच खड्डे झालेले असतात.

फसवणारी साम्ये

काही उठाव हेतुपूर्वक दिलेले असतात. 1862 सालच्या मुंबईच्या रुपयांवर साल गोठवलेले असले तरी मागच्या बाजूला ठिपक्यांची संख्या व जागा बदलून निरनिराळ्या वर्षांची नाणी वेगळी ओळखण्याची सोय होती, आणि पंचम जॉर्जच्या मुंबईच्या रुपयांवर खालच्या कमळाच्या फुलात बारीक उठावदार ठिपका आहे. हे ठिपके गोल, नेटके आणि ठरलेल्या जागी असतात. ज्याला त्यांची माहिती नाही तो त्यांना गंज म्हणतो, आणि ज्याला ती अर्धवट आहे तो गंजाच्या पुटकुळीला दुर्मीळ ठिपका समजून जास्त किंमत मोजतो.

दाब कमी पडल्याने आकृतीचा सर्वांत उंच भाग पूर्ण भरला नाही, तर तिथे कोऱ्या चकतीचा मूळ खडबडीतपणा तसाच राहतो. कानाजवळच्या केसांत किंवा मुकुटावर दिसणारे असे बारीक टोचे क्षरणाचे नसतात, आणि भोवतालचा सपाट भाग निर्दोष असणे ही त्यांची खूण असते. चकतीच्या धातूत अशुद्धी असेल तर पापुद्रे सुटतात. व्यापारी डॉलरांवर चिनी सावकारांनी पारखून मारलेल्या शिक्क्यांचे खोल ठसे दिसतात. त्यांना क्षरण किंवा खोडसाळ नुकसान मानणे चूक आहे, कारण ते त्या नाण्याच्या प्रवासाचा दस्तऐवज आहेत.

बनावट नाणी आणि पुटकुळ्यांचा पुरावा

ठशाचा गंज दिसला म्हणजे नाणे अस्सल, हा संग्राहकांमधील समज धोक्याचा आहे. साच्यात ओतून केलेल्या नकलांवर साच्यातील हवेच्या बुडबुड्यांमुळे गोल मण्यांसारखे उठाव येतात आणि वायू अडकून खड्डेही पडतात; एकाच नाण्यावर गोलसर उठाव व गोलसर खड्डे सरमिसळ दिसणे, अक्षरांच्या कडा साबणासारख्या बोथट असणे आणि कडेवर जोडाची रेघ असणे ही तिन्ही लक्षणे ओतकामाकडे बोट दाखवतात. याहून अवघड प्रकार विजेच्या ठिणग्यांनी कोरलेल्या आधुनिक ठशांचा आहे. ठिणग्यांमुळे ठशावर असंख्य बारीक खड्डे पडतात, नक्कल करणारा मोकळी जागा घासून गुळगुळीत करतो आणि आकृतीत मात्र पुटकुळ्या राहतात. वर वर्णिलेल्या घासलेल्या गंजक्या ठशाचे चित्र नेमके असेच असते. म्हणून गंजाची खूण हा एकट्याने निर्णय देणारा पुरावा होऊ शकत नाही. वजन, व्यास, घनता आणि कडेवरील कंगोरे यांच्या साक्षीशी ती जुळावी लागते. 916 आणि 900 शुद्धतेच्या चांदीची घनता पाण्याच्या सुमारे 10.3 पट असते, आणि साध्या तराजूवर नाणे हवेत व पाण्यात तोलून ती काढता येते.

तपासणीची रीत

पहिले साधन प्रकाश आहे. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली नाणे धरून दिवा एका बाजूने, तिरपा ठेवावा. उठावाची प्रकाशाकडील बाजू उजळते आणि सावली पलीकडे पडते. खड्ड्यात याच्या उलट, प्रकाशाकडील काठाखाली सावली आणि समोरची भिंत उजळलेली असते. डोळ्यांना खड्डा उठाव भासण्याचा भ्रम फार सहज होतो, विशेषतः छायाचित्रात, जिथे दिवा कोणत्या बाजूला होता हे कळत नाही. त्यावर उपाय म्हणजे नाण्यावरील अक्षरांच्या सावलीशी तुलना करणे : अक्षरे निश्चित उठावदार असल्याने, ज्या खुणेची सावली अक्षरासारखी पडते ती उठाव आणि जिची उलट पडते ती खड्डा. नाणे सावकाश फिरवत पाहिल्यास शंका उरत नाही.

त्यानंतर झळाळी खुणेवरून अखंड जाते का, खूण आकृतीला धरून आहे की तिच्यावरून बेफिकीर पसरली आहे, खुणेत रंगीत थर आहे का, आणि तशाच प्रकारच्या दुसऱ्या नाण्यावर ती त्याच जागी आहे का, हे प्रश्न क्रमाने विचारावेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एका नाण्यावरून मिळत नाही; त्यासाठी तुलनेचा साठा लागतो. नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्था, नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय आणि मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय यांसारख्या ठिकाणांचे महत्त्व इथे आहे.

या सर्व तपासणीची एक अट आहे : ती साफसफाईच्या आधी व्हावी. सिल्व्हर क्लोराइडचा थर रसायनाने किंवा घासून काढला, की मूळ पृष्ठभागाची जी काही आठवण त्या थराच्या आकारात टिकलेली असते ती कायमची जाते आणि उघडे पडलेले खड्डे तेवढे उरतात. माती सैल असेल तर शुद्ध पाण्याने भिजवून काढणे, मऊ कपड्याने टिपणे आणि आम्ल न सोडणाऱ्या कागदात कोरडे ठेवणे, याहून अधिक काही घरी करू नये.

निष्कर्ष

उपलब्ध ज्ञानाचा एकत्रित विचार केला असता तीन गोष्टी ठाम ठरतात. उठाव आणि खड्डा यांतील भेद हा तपासणीचा आरंभ आहे, शेवट नव्हे. पंचाचा गंज, घासलेला ठसा, वंगण, डाग आणि ठिणग्यांचे ठसे हे सर्व त्या भेदाला छेद देऊ शकतात. दुसरे, खुणेची जागा पुन्हा पुन्हा तीच येणे हा टाकसाळीच्या खुणेचा सर्वांत बळकट पुरावा आहे, कारण मातीला किंवा घामाला तशी पुनरावृत्ती साधता येत नाही. तिसरे, क्षरणाने खराब झालेले नाणे संग्राहकाच्या दृष्टीने कमी मोलाचे असले तरी इतिहासाच्या दृष्टीने ते मुके नसते. ते कुठल्या मातीत, किती ओलीत आणि कुठल्या सोबतीने राहिले हे त्याच्या पृष्ठभागावर लिहिलेले असते.

जमिनीत सापडलेल्या साठ्याबाबत 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा शोध जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, आणि शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांना 1972 चा पुरावशेष कायदाही लागू होतो. पण कायदा माहिती झाल्यावरच लागू होतो, आणि माहिती होण्यापूर्वीच साठा वाटला गेला, घासला गेला किंवा आटवला गेला तर काहीही शिल्लक राहत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खाऱ्या मातीतून निघणाऱ्या रुपयांची दोन्ही बाजूंची, तिरप्या प्रकाशातील छायाचित्रे, वजन आणि सापडलेली जागा एवढी नोंद जरी सराफ, शिक्षक आणि ग्रामपंचायती यांनी सफाईपूर्वी ठेवली, तरी मुंबईच्या ठशांचा क्रम आणि वऱ्हाडातील पैशाचा प्रवास या दोन्ही विषयांना आज नसलेला आधार मिळेल. चांदीचा भाव रोज बदलतो आणि आटवलेली चांदी पुन्हा घेता येते. आटवलेल्या नाण्याचा पृष्ठभाग मात्र कोणत्याही भावाने परत मिळत नाही, म्हणून तो आधी वाचला जाणे आवश्यक आहे.